पाटाचा नकाशा

चि. रेखास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी बोलता बोलता रेंज गेली आणि माझं सांगायचं राहून गेलं. तू पाठवलेला रंगीत नकाशा तीन दिवस मोबाइलवर मोठा करकरून बघतोय, म्हणून लिहायला बसलो.

पारावर विचारतात, "आप्पा, पोर काय शिकी ऱ्हायनी?" आधी बेडकांवर पीएच.डी. म्हणायचो, लोक हसायचे. आता सांगतो, एका डबक्यातल्या बेडकाची दुसऱ्या डबक्यात सोयरीक होते का, ते ती शोधते. सोयरीक म्हटली की लगेच समजतं. बेडकाच्या तोंडात कापसाचा बोळा फिरवायचा, त्याला सोडून द्यायचं आणि बोळ्यावरून त्याची कुळी काढायची. कुळी मिसळलेली असली तर येणं-जाणं आहे. डबकी जवळ असूनही कुळी वेगळी पडली, तर मधे काहीतरी आडवं आलंय. आणि आपसांतच सोयरिकी होत राहिल्या की वाण खंगतो, हे शेतकऱ्याला काय शिकवायचं!

अंतर वाढलं की कुळी वेगळी पडते, हे सीवॉल राइट या शास्त्रज्ञाने १९४३ साली मांडलं आणि मधल्या जमिनीमुळे कुळी कशी मिसळते किंवा तुटते ते बघणाऱ्या तुझ्या शास्त्राला लँडस्केप जेनेटिक्स हे नाव २००३ मध्ये मिळालं, एवढं वहीत लिहून ठेवलंय. म्हणजे तुझं शास्त्र तुझ्यापेक्षा लहान आहे.

आता मुद्द्याचं. महामार्गाला शंभर, कोरड्या कापसाला चाळीस, ओल्या शेताला एक असे बेडकाला ती जागा ओलांडायला किती जड जाते त्याचे आकडे तू नकाशात आधी अंदाजाने घातलेस आणि पुढे कुळीशी ताडून बघणार आहेस. ठीक. पण नकाशाखालचा उपग्रहाचा फोटो आजचा आहे. तूच म्हणालीस ना, रस्ता झाला म्हणून दुसऱ्या वर्षी जनुकांत फरक दिसत नाही, त्याला पिढ्या जाव्या लागतात? मग आज बेडकाच्या अंगात जे सापडेल, त्यात मी पाटकरी होतो, पाटाचं पाणी पाळीने सोडायचो, तेव्हाचं गाव असणार. ते तुझ्या नकाशात कुठेच नाही.

तेव्हा पांझरा नदीच्या बंधाऱ्यावरून पाट निघायचा आणि त्यावर चार फड, म्हणजे शेतांचे चार मोठे पट्टे, भिजायचे. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. उसाच्या फडात बारा महिने ओल. पाटातून शेतात पाणी नेणाऱ्या चाऱ्या मातीच्या, काठाला लव्हाळा, आणि शेवटची चारी नाल्यात सांडायची तिथे गुडघाभर पाण्याचं डबकं. उन्हाळ्यात रात्रीच्या पाळीला मी कंदील घेऊन चारीच्या तोंडाशी बसायचो. पाणी सोडलं की त्याच्या पुढे पालापाचोळा, मुंग्या, किडे पळत सुटायचे आणि ते टिपत बेडूक चारीचारीने पुढे सरकायचे. एकदा एक मोठा बेडूक दगडावर बसलेला, तोंडाबाहेर उंदराची शेपटी. कंदील जवळ नेला तरी हलला नाही, डोळे मिटून गिळत बसला. एका फडातून दुसऱ्यात जायला त्याला कोरडी जमीन फारशी लागतच नव्हती. त्याचं पाणी पिणंही कातडीतूनच, त्यामुळे भेगाळलेली काळी जमीन ओलांडताना काय होत असेल ते बघ.

मग बोअर आले, ठिबक आलं. पाणी वाचलं हे खरंच, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण चाऱ्या बुजल्या. आणि नाल्याजवळ तुझ्या नकाशात जो लाल तुकडा आहे ना, तेच ते डबकं. ते मी बुजवलं. तू चौथीत होतीस. अकरा ट्रॉल्या मुरूम टाकला, वर गाळाची माती पसरली आणि त्यावर कापूस लावला. तेव्हा मला कोणी चूक म्हटलं नाही आणि मलाही तसं वाटलं नाही. म्हणून म्हणतो, सगळं महामार्गाच्या माथी मारू नकोस. तो रुंद व्हायच्या आधीच आम्ही बरंच काम उरकलं होतं.

२०२३च्या पाहणीत जगातल्या दर पाच उभयचर जातींपैकी दोन धोक्यात निघाल्या, असं तू सांगितलंस त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी एका लग्नपत्रिकेच्या मागे जुना पाट काढला. काळी रेघ म्हणजे चारी, फुली म्हणजे बुजलेलं, गोल म्हणजे अजून पाणी साचतं ती जागा. गोल सहाच आहेत. पलीकडच्या फडाचं मला नीट आठवत नाही, तिथल्या दोन म्हाताऱ्यांना विचारून ठेवतो. फोटो नीट येत नाही, म्हणून पत्रिकाच सोबत घातली आहे.

बेडकांना रोग लावणारी बुरशी एका डबक्यातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून तुम्ही बूट आणि जाळी औषधाने धुता, हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग घरात येतानाही तसेच धुऊन ये म्हणा."

पहिला मोठा पाऊस पडला की फोन करतो. त्याच रात्रीची बस धर. नर पिवळेजर्द होतात, गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात, पण तो रंग फार दिवस टिकत नाही.

तुझे,
आप्पा