प्रोड्रगची माहिती रुग्णाला मराठीत मिळावी

महोदय,

माझ्या थोरल्या बंधूंची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून त्यांना क्लोपिडोग्रेलची गोळी सुरू झाली. काही दिवसांनी छातीत जळजळ होऊ लागली, तेव्हा त्यांनी कोणालाही न विचारता जवळच्या मेडिकलमधून ओमेप्राझोलच्या कॅप्सूल आणल्या आणि दोन्ही औषधे महिनाभर सोबत घेतली. पाकिटांवर सकाळ-रात्रीच्या खुणा व्यवस्थित केलेल्या होत्या. पण या दोन औषधांचा एकमेकांशी संबंध आहे, हे त्यांना कोणीच सांगितले नव्हते. औषधनिर्मितीच्या कारखान्यात प्रक्रिया रसायनज्ञ म्हणून उमेदीची सगळी वर्षे गेल्यामुळे मला तो ठाऊक होता, आणि तो इतरांनाही कळावा यासाठी हा पत्रप्रपंच. क्लोपिडोग्रेल हे प्रोड्रग आहे, म्हणजे शरीरात गेल्यावरच सक्रिय होणारे औषध. ते समजण्यासाठी आधी कारखान्यातली एक रीत सांगतो.

रेणूमध्ये क्रिया होऊ शकेल अशी दोन ठिकाणे असतील आणि ती एकाच ठिकाणी व्हायला हवी असेल, तर दुसरे ठिकाण तात्पुरता गट बसवून झाकायचे आणि काम झाले की तो गट काढून टाकायचा, ही कार्बनी रसायनशास्त्रातली रोजची रीत आहे. अशा गटाला संरक्षक गट म्हणतात. १९३२ साली ड्रेस्डेन येथे मॅक्स बर्गमन आणि लिओनिडास झर्वास यांनी अमिनो आम्लांसाठी शोधलेला गट हायड्रोजनच्या साहाय्याने, पेप्टाइडचा (अमिनो आम्लांच्या साखळीचा) बंध न तुटता, काढता येत असे, आणि पेप्टाइडे घडवण्याचे काम त्यामुळे पुष्कळ सुकर झाले. आमच्याकडे बहुधा बॉक नावाचा संरक्षक गट असे. तो काढण्यासाठी आम्ल घातले की कार्बन डायऑक्साइड आणि आयसोब्युटिलीन हे वायू सुटून मिश्रण फेसाळते, म्हणून आम्ल हळूहळू, रिॲक्टरवरची नजर न हटवता घालावे लागते. मग टीएलसीच्या, म्हणजे मिश्रणातली द्रव्ये वेगवेगळ्या ठिपक्यांत दाखवणाऱ्या पट्टीवर निनहायड्रिन हे रंग आणणारे द्रव्य फवारून ती तापवली की मोकळ्या झालेल्या अमाइनचा (झाकण निघालेल्या नायट्रोजनयुक्त गटाचा) जांभळा ठिपका उमटतो. मूळ द्रव्याचा ठिपका पुरता नाहीसा झाल्याखेरीज पुढची पायरी सुरू करायची नाही, हा आमचा नियम होता.

औषधाच्या रेणूलाही असे झाकण घालता येते. फक्त ते काढण्याचे काम रुग्णाच्या शरीरावर सोपवलेले असते. अशा औषधांना १९५८ साली एड्रियन अल्बर्ट यांनी प्रोड्रग हे नाव दिले. रक्तदाबावरचे एनालाप्रिल हे त्याचे सरळ उदाहरण आहे: त्यातले खरे औषध तोंडावाटे घेतल्यास नीट शोषले जात नाही, म्हणून त्याचे एस्टर (एक गट जोडून झाकलेले रूप) करून देतात आणि ते एस्टर यकृतात तुटते.

क्लोपिडोग्रेलची गोष्ट अधिक नाजूक आहे. त्यात बाहेरून गट जोडलेला नाही. रक्तातील प्लेटलेटना (गुठळी करणाऱ्या सूक्ष्म कणांना) जखडणारा गंधकाचा गट रेणूतल्या थायोफीन या गंधकयुक्त कड्यातच दडलेला आहे. पोटात गेलेल्या औषधापैकी सुमारे ८५ टक्के भाग भलत्याच ठिकाणी तुटून निकामी होतो. उरलेल्या भागावर यकृतातील एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) दोन टप्प्यांत काम करतात, तेव्हा कुठे तो गट मोकळा होतो. त्यांतल्या सीवायपी२सी१९ या महत्त्वाच्या एन्झाइमला ओमेप्राझोल अडवते. शिवाय काही लोकांत हे एन्झाइम जन्मतःच दुबळे असते, आणि दक्षिण आशियाई लोकांत हे प्रमाण युरोपीयांपेक्षा अधिक आहे. कारखान्यात झाकण निघाले की नाही हे मी पट्टीवर पाहू शकत होतो. गोळी घेणाऱ्याला तशी कोणतीच पट्टी मिळत नाही. ओमेप्राझोल स्वतःही प्रोड्रगच आहे, हे इथे सांगायला हवे. ते आम्लातच सक्रिय होते, पण जठरात नव्हे, तर रक्तावाटे आम्ल स्रवणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचल्यावर. त्याआधी जठरातच ते वाया जाऊ नये म्हणून कॅप्सूलमधल्या दाण्यांवर आवरण असते. ते दाणे चावून खाऊ नयेत.

अमेरिकेच्या औषध नियामकाने २००९ मध्ये ही दोन औषधे एकत्र टाळावीत असा इशारा दिला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दोन्ही औषधे घेणाऱ्या रुग्णांना हृदयविकाराचा त्रास वाढल्याचे दिसले नाही, उलट पोटातला रक्तस्राव कमी झाला. मात्र ती चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली होती. म्हणून हे पत्र वाचून कोणीही आपली गोळी आपल्या मनाने बंद करू नये. विशेषतः क्लोपिडोग्रेल अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते. बंधूंच्या हृदयरोगतज्ज्ञांनी क्लोपिडोग्रेल तसेच ठेवून फक्त ॲसिडिटीचे औषध बदलले, आणि त्याला पाच मिनिटेही लागली नाहीत.

माझी विनंती साधी आहे. प्रोड्रग असलेल्या औषधांच्या वेष्टनावर, ते शरीरात गेल्यावर सक्रिय होते आणि सोबत दुसरे औषध घेण्यापूर्वी विचारावे, एवढे मराठीत छापले जावे. ते होईपर्यंत औषधविक्रेत्यांनी सकाळ-रात्रीच्या खुणा करताना त्याच पाकिटावर ही एक ओळ हाताने लिहावी, आणि आपल्या आरोग्य पुरवणीने अशा नेहमीच्या औषधांची यादी तज्ज्ञांकडून तपासून घेऊन प्रसिद्ध करावी.

आपला,
एक निवृत्त प्रक्रिया रसायनज्ञ, डोंबिवली