टेबलावरचे तीन चष्मे : सरांच्या माघारी वहिनींना पत्र

आदरणीय वहिनी,

सरांचे आभार त्यांच्या तोंडावर मानायची सोयच नव्हती. कुणी सुरुवात केली की ते हातातली फाइल उघडायचे आणि पुढचं काम विचारायचे. आता ते नाहीत, म्हणून हे पत्र तुम्हाला. उघडपणे लिहितोय, कारण ठाण्यात, कळव्यात, मुंब्र्यात, थेट शहापूर-मुरबाडपर्यंत अशी कितीतरी घरं आहेत ज्यांना सरांचं नावही ठाऊक नाही, पण ज्यांचं एखादं काम त्यांच्यामुळे अडलं नाही. आम्ही म्हणजे सर ज्या रुग्णालयाचा कारभार पाहायचे, तिथला नोंदणी कक्ष, बिलिंग, समाजसेवा विभाग आणि वॉर्डातल्या सिस्टर.

नवी इमारत, नवा अतिदक्षता विभाग, वाढलेल्या खाटा यांबद्दल शोकसभेत बोलून झालं. आम्हाला बोलायचंय ते तळमजल्यावरच्या एका टेबलाबद्दल.

रुग्ण दगावला की घरच्यांना काय काय सोसावं लागतं, हे बाहेरून दिसत नाही. रडणं बाजूला ठेवून कुणातरी एकाला खाली यावं लागतं. सर येण्याआधी हा माणूस जाळीच्या खिडकीसमोर उभा राहायचा. आधी अंतिम बिल, मग कागद, मग पार्थिव, असा क्रम होता. ज्यांनी तो लावला त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आणि शहरात काही ठिकाणी तो आजही तसाच चालतो याचा आम्हाला राग आहे. बिल बाकी आहे म्हणून पार्थिव अडवता येत नाही, हे रुग्ण हक्कांच्या सनदेत स्वच्छ लिहिलंय. ती सनद भिंतीवर लावायची आणि तिच्याखालीच नातेवाइकांना ताटकळत ठेवायचं, हे सरांना सहन होत नसे. त्यांनी बिल आणि मृत्यूचे कागद वेगळे केले. खिडकी बंद करून टेबल मांडलं, नातेवाइकांसाठी दोन खुर्च्या ठेवल्या, पाण्याचा तांब्या ठेवला.

आणि तीन चष्मे ठेवले. जवळचं वाचायचे, दीड, दोन आणि अडीच नंबरचे. गोखले रोडवरून स्वतःच्या पैशांनी आणलेले.

हे त्यांना सुचलं कसं, याचं आम्हाला अजून नवल वाटतं. रात्री धावत आलेला माणूस चष्मा घरी विसरतो. सही करणारा बहुधा पन्नाशीपुढचा असतो, कारण मुलगा पुण्याहून अजून वाटेतच असतो. काका किंवा मेहुणे समोरचा कागद हातभर लांब धरतात, काही दिसत नाही, संकोचाने विचारत नाहीत आणि "बरोबर आहे" म्हणून सही करतात. पुढची सगळी फरफट त्या एका सहीतून सुरू होते.

कारण भरतीच्या वेळी नाव सांगितलेलं असतं शेजाऱ्याने. केसपेपरवर "बाळू" असतं, आधारवर बाळकृष्ण. बाईंचं आधार सासरच्या नावाने, पासबुक माहेरच्या, शिधापत्रिकेवर तिसरंच काहीतरी. विठ्ठलच्या इंग्रजी स्पेलिंगात टी एक की दोन, इथपासून सुरुवात. रुग्णालयात मृत्यू झाला तर खबर देण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते, 21 दिवसांच्या आत. आपण नमुना 2 मध्ये, म्हणजे मृत्यूची खबर देण्याच्या छापील अर्जात, जे लिहून पाठवू तेच महापालिकेच्या नोंदवहीत चढतं. एकदा चढलं की मूळ नोंद खोडता येत नाही, दुरुस्ती समासात होते आणि तिच्यासाठी पुरावे जोडत फिरावं लागतं. तोवर बँक पैसे सोडत नाही, विमा कंपनी शंका काढते, सोसायटी शेअर सर्टिफिकेटवर वारसाचं नाव लावत नाही.

म्हणून सरांची पद्धत ठरलेली होती. कोऱ्या कागदावर नातेवाइकाने स्वतःच्या हाताने नाव लिहायचं, एकदा देवनागरीत, एकदा इंग्रजी मोठ्या अक्षरांत. मोबाइलमधला आधारचा फोटो चालेल, पण तो बघूनच. मग नमुना भरायचा, चष्मा पुढे करायचा आणि अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचून घ्यायचं. वय, वडिलांचं किंवा पतीचं नाव, पत्ता, सगळं. आणखी एक गोष्ट ते प्रत्येकाला सांगायचे : दाखला गावच्या ग्रामपंचायतीत मिळणार नाही. मृत्यू ठाण्यात झालाय, नोंद ठाण्यातच होणार, पत्ता गावचा असला तरी. हे न सांगितल्यामुळे लोक महिनाभर ग्रामसेवकाच्या मागे लागायचे.

मृत्यूच्या कारणावरही त्यांचं तेवढंच लक्ष असे. नमुना 4 मध्ये, म्हणजे डॉक्टरांनी भरायच्या मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रात, अ, ब, क अशा ओळी असतात : अ ओळीत ज्याने थेट मृत्यू झाला ते, खाली ते ज्याच्यामुळे उद्भवलं तो आजार, सगळ्यात शेवटी मूळ कारण. दमलेला निवासी डॉक्टर पहाटे तीनला अ ओळीत "हृदयक्रिया आणि श्वसन बंद पडल्याने" एवढंच लिहून मोकळा व्हायचा. सर फॉर्म परत पाठवायचे. हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं, तुझा रुग्ण कशाने गेला ते लिही, असं सांगायचे. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर अ ओळीत तो, ब ओळीत उच्च रक्तदाब, आणि शेजारच्या रकान्यात किती काळापासून तेही. डॉक्टर नसलेल्या माणसाने हे सांगावं, याचा सुरुवातीला काही डॉक्टरांना राग आला. पुढे विम्याची विचारणा करणारी पत्रं कमी झाली, तेव्हा तेच डॉक्टर नव्या मुलांना शिकवू लागले.

अपघाताच्या रुग्णांबाबत ते पहिल्याच दिवशी घरच्यांना बाजूला घ्यायचे. पंधरवडाभर उपचार होऊन रुग्ण गेला तरी प्रकरण पोलिसांकडे जातं, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं. हे आधी ठाऊक नसलं तर गावाहून माणसं निघालेली असतात, जवाहरबाग स्मशानभूमीची वेळ सांगून झालेली असते आणि ऐनवेळी सगळं थांबतं. मग राग वॉर्डातल्या सिस्टरवर निघतो. वाईट बातमीची शक्यताही वेळेत सांगायची, हे त्यांचं म्हणणं आम्हाला त्या काळी कठोर वाटायचं.

एप्रिल 2021 मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, त्याचा अर्थ कळला. तेव्हा कित्येक ठिकाणी नातेवाइकांच्या हातात इंजेक्शनची चिठ्ठी देऊन त्यांना रात्रभर दुकानोदुकान फिरवलं गेलं. सरांनी फळ्यावर हिशोब मांडला होता : एक लिटर द्रवरूप ऑक्सिजन म्हणजे साधारण 860 लिटर वायू, मोठ्या सिलिंडरमध्ये 7000 लिटर. मिनिटाला 15 लिटर घेणाऱ्या मास्कला तो जेमतेम पावणेआठ तास पुरतो, नाकातून जोराने ऑक्सिजन देणाऱ्या 60 लिटरच्या हाय फ्लो यंत्राला दोन तासांपेक्षा कमी. रोज संध्याकाळी ते स्वतः खाली येऊन नातेवाइकांना साठा किती आहे आणि टँकर कुठवर आलाय ते सांगायचे. खोटा धीर दिला नाही, म्हणून लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

गरिबांच्या खाटांचंही तेच. धर्मादाय रुग्णालयाने 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. वर्षाचं उत्पन्न 1,80,000 च्या आत असेल तर पहिला गट, 3,60,000 च्या आत असेल तर दुसरा. पण शिधापत्रिका आणि तहसीलदारांचा दाखला यांची विचारणा बिल हातात पडल्यावर झाली, तर माणूस तोवर दागिने गहाण ठेवून आलेला असतो. सरांनी हा प्रश्न भरतीच्या अर्जावरच घातला. तातडीच्या रुग्णाला अनामत मागायची नाही, ही सूचना तर रात्रपाळीच्या प्रत्येक टेबलावर चिकटवलेली होती.

वहिनी, हे सगळं करताना ते तुमच्या वाट्याचा वेळ आम्हाला देत होते, हे आम्हाला दिसत होतं. संध्याकाळी सातचा घरचा फोन मात्र त्यांनी बैठकीतही घेतला. धाकटीच्या दहावीला त्यांनी रजेच्या अर्जावर कारण लिहिलं होतं, "मुलीचा गणिताचा पेपर." तो अर्ज सगळ्यांना दिसेल असा ठेवला. तोवर रजेसाठी आम्ही ताप आणि पोटदुखी शोधत असायचो. त्यानंतर खरं कारण लिहायला लागलो, आणि मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत सिस्टरना रात्रपाळी लागेनाशी झाली. मोठ्या पदावरच्या माणसाने आपलं घर लपवलं नाही, की हाताखालच्यांनाही आपलं घर लपवावं लागत नाही.

सरांच्या नोंदीचा कागद आमच्याच कक्षातून गेला. तिघींनी वेगवेगळा वाचला. दाखल्याच्या दहा प्रती घ्या, कमी पडतात. मूळ प्रत कुणालाही ठेवून घेऊ देऊ नका, साक्षांकित प्रत द्या. भविष्य निर्वाह निधी, तुमचं निवृत्तिवेतन आणि ठेवीशी जोडलेला विमा, जो जास्तीत जास्त 7 लाखांपर्यंत असतो, या तिन्हींसाठी एकच एकत्रित अर्ज चालतो. मुलींनाही 25 वर्षांपर्यंत निवृत्तिवेतनाचा हक्क आहे, त्यांच्या जन्मदाखल्यांच्या प्रती काढून ठेवा. तेराव्याची गडबड उरकली की फक्त एक फोन करा. आमच्यापैकी दोघी अर्ज घेऊन घरी येतील, तुम्हाला कुठल्याही रांगेत उभं राहावं लागणार नाही.

आपल्या,
नोंदणी कक्ष, बिलिंग, समाजसेवा विभाग आणि सगळ्या सिस्टर
ठाणे