वुलानच्या लग्नाहून आल्यावर

रत्नागिरी
रविवार

प्रिय मनू,

फोनवर पाच मिनिटांत उरकण्यासारखं हे नाही, म्हणून मुद्दाम लिहायला बसले आहे. पुण्याच्या हॉस्टेलमधल्या आपल्या वुलानचं लग्न लागलं. तुला रजा मिळाली नाही याची हळहळ मला एकटीलाच होती असं समजू नकोस. तिची आई स्टेशनवर मला न्यायला आली होती. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि लगेच माझ्या खांद्यावरून मागे पाहू लागली. आयत्या वेळी का होईना, तू येशील अशी तिला आशा होती.

तुझ्या घरी सध्या काय चाललंय ते मला ठाऊक आहे. तू नोंदणी पद्धतीने लग्न करायचं म्हणतेस, कन्यादान तर मुळीच नको म्हणतेस, काकू गुरुजींना फोन लावतायत आणि काका गप्प आहेत. तुझं म्हणणं मला आधीही पटत होतं, आताही पटतं. पण तिच्या गावी, इंडोनेशियात योग्याकार्ताला जे पाहिलं, त्यातलं काही तुमचं पक्कं ठरायच्या आत तुझ्या कानावर पडायला हवं असं मला फार वाटतंय.

तिथला विमानतळ समुद्राकडे, कुलोन प्रोगोला. तिथून आगगाडीने शहरात यायचं. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, माड, केळी, कौलारू घरं. कोकण रेल्वेच्या खिडकीशी बसल्यासारखं वाटत होतं. मात्र उत्तरेला मेरापी ज्वालामुखी. त्याच्या बातम्या आल्या की वुलान हॉस्टेलच्या जिन्यात बसून घरी फोन लावत राहायची, आठवतं ना? १७५५ साली गियांतीचा तह झाला, माताराम राज्याचे दोन तुकडे झाले, तेव्हापासून योग्याकार्ताला सुलतानांची गादी आहे. आजही सुलतानच त्या प्रांताचे गव्हर्नर. त्यामुळे दरबारी रीतिरिवाज तिथल्या साध्या माणसांच्या लग्नांतही उतरलेले दिसतात. वुलानचं घर शहराच्या दक्षिणेला, बांतुल भागातल्या एका गावात.

लग्नाच्या आदल्या सकाळी मांडव. आपण मुहूर्तमेढ रोवतो, ते लोक दारावर माडाच्या हिरव्या झावळ्यांचं विणलेलं झाप चढवतात. ते काम वधूच्या वडिलांचं, आणि आई खालून झाप हातात देणार. वुलानचे बाबा निवृत्त शिक्षक, गुडघ्यांनी बेजार. तिचा धाकटा भाऊ शिडीपाशी गेला आणि मी चढतो म्हणाला, तर त्यांनी त्याला काही न बोलता हाताने बाजूला केलं. एकेक पायरी चढले, वर थांबून दम घेतला, झाप बांधलं, गाठ ओढून पाहिली. खाली आई एका हाताने शिडी घट्ट धरून उभी. दाराच्या दोन्ही अंगांना घडासकट केळी, शहाळी, ऊस, भाताच्या लोंब्या. कुणी फोटोसाठी त्यांना थांबवलं नाही, पुन्हा चढा म्हणून सांगितलं नाही.

मग तिची आंघोळ, म्हणजे सिरामान. सात ठिकाणांहून आणलेलं पाणी, त्यात गुलाब, मोगरा, चाफा. वुलान बाटिक गुंडाळून बसलेली, खांद्यांवर कळ्यांची विणलेली जाळी. आधी बाबांनी पाणी घातलं, मग आईने, मग आज्या-मावश्यांनी. शेवटी मातीच्या सुरईतून बाबांनी धार धरली आणि तिने वजू केली, म्हणजे नमाजाआधी धुतात तसे तोंड-हातपाय धुतले. सुरई रिकामी झाली तशी आईबाबांनी ती मिळून खाली टाकून फोडली. आणि त्यानंतर, मनू, बाबांनी तिला उचललं. अठ्ठावीस वर्षांच्या लेकीला, त्या गुडघ्यांवर. आई मागून हात लावून. अंगणातून दारापर्यंत चार-सहा पावलं असतील. सगळं अंगण श्वास रोखून बघत होतं. वुलानने त्यांच्या मानेला मिठी मारली आणि डोळे गच्च मिटून घेतले. आत नेल्यावर त्यांनीच तिच्या केसांची एक बट कापली. नवऱ्या मुलाच्या केसांबरोबर ती अंगणात पुरतात.

पुढचा प्रकार गमतीचा. आई दावेत विकायला बसली: माडाचा गूळ, नारळाचं दूध आणि त्यात हिरव्या मऊ शेवया. बाबा तिच्या डोक्यावर छत्री धरून उभे. गिऱ्हाईक म्हणजे आम्ही पाहुणे, आणि पैसे म्हणजे मातीच्या भांड्याच्या खापऱ्या. मीही खापरी देऊन एक पेला घेतला. संसार दोघांनी मिळून, एकमेकांना साथ देत चालवायचा, आणि हे लेकीला शब्दांनी नाही तर करून दाखवायचं. त्यानंतर दोघांनी मिळून तिला घास भरवला. माहेरची लेक म्हणून शेवटचा.

पाहुणी म्हणून मला नुसतं खुर्चीवर बसवून ठेवतील अशी भीती होती, ती मागीलदारी गेल्यावर संपली. शेजारपाजारच्या बायका रांधायला आलेल्या असतात. कुणाला आमंत्रण लागत नाही, आपापली विळी-सुरी घेऊन येतात. मुख्य पदार्थ गुदग, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, गूळ आणि नारळाचं दूध घालून तासन्‌तास मंद चुलीवर शिजवलेली. फणसांचा ढीग दिसल्यावर माझे हात शिवशिवले. मी खोबरेल मागितलं, तळहाताला आणि सुरीला चोळलं आणि फणस उभा चिरायला घेतला. चीक लागू नये म्हणून तेल लावायचं, हे कोकणातल्या पोरीला कुणी शिकवावं लागत नाही. समोरच्या आजींनी माझ्या हातांकडे पाहिलं, शेजारणीला कोपराने ढोसलं, आणि एक पाट माझ्याकडे सरकवला. त्यानंतर मला कुणी पाहुणी मानलं नाही. एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दुपारभर आम्ही बोलत होतो. त्या आजींनी निघताना मला थोडी सांबाल, म्हणजे तिखटजाळ चटणी, बांधून दिली, तीही तुझ्यासाठी ठेवली आहे.

त्या रात्री वधू खोलीतून बाहेर पडत नाही. मध्यरात्रीपर्यंत जागायचं; अप्सरा उतरून येतात आणि आपलं रूप तिला देऊन जातात अशी समजूत. नवरा मुलगा घरच्यांबरोबर येतो, पण त्याला ती दिसायची नाही, आणि खायलाही काही मिळत नाही, फक्त पेलाभर पाणी. मी खोलीत वुलानजवळ बसले होते. बाहेरून बायूचा आवाज आला, तशी तिने माझा हात दाबला आणि हळूच म्हणाली,

"मेरापीच्या सावलीत वाढले, मुठेकाठी शिकले मराठी,
बायूरावांचं नाव घेते मनू आणि सईसाठी."

तुझ्या ताईच्या लग्नात आपण तिला उखाणा घ्यायला लावला होता, तेव्हापासून तिने हा मनात जुळवून ठेवला होता म्हणे. तिच्या मावश्या विचारत राहिल्या, काय म्हणाली, काय म्हणाली. तिने सांगितलंच नाही. हा तुझा आहे, तू जपून ठेव.

सकाळी निकाह. हा भाग अगदी साधा आणि थोडक्यात. एक छोटं मेज, एका बाजूला बाबा, समोर बायू, मध्ये निकाह लावणारे सरकारी अधिकारी, दोन साक्षीदार. त्याआधी वुलानने बाबांसमोर बसून, माझं लग्न लावून द्या, अशी रीतसर विनंती केली. तिचा आवाज मध्येच बसला, बाबा तिच्यासाठी थांबले. मग त्यांनी बायूचा उजवा हात हातात धरला, आपलं वाक्य म्हटलं, बायूने एका दमात कबुली दिली, साक्षीदार म्हणाले "साह", म्हणजे वैध, आणि झालं. लगेच तिथेच दोघांच्या सह्या, दोघांच्या हातात लग्नाची एकेक सरकारी पुस्तिका. माझ्या मनात तेव्हा तूच होतीस, मनू. नोंदणी आणि वडिलांचा हात, दोन्ही एकाच मेजावर होतं. एकाने दुसऱ्याला अडवलं नाही.

पुढच्या जावानी विधीसाठी वुलानला सजवलं ते पूर्वी राजघराण्यातच चालायचं तसं. कपाळावर काळ्या लेपाची नक्षी, तिच्या कडा सोनेरी, भुवया हरणाच्या शिंगांसारख्या दुभंगलेल्या, अंबाड्यावर मोगऱ्याची जाळी. आपल्याबरोबर फर्ग्युसन रस्त्यावर वडापाव खाणारी ती हीच, हे ओळखायला मला क्षणभर लागला. गामेलान, म्हणजे तिथला वाद्यवृंद, वाजू लागलं. दोघांनी एकमेकांवर पानाचे विडे फेकले. दोऱ्याने बांधलेले असतात. सजवणाऱ्या बाईंनी अंडं दोघांच्या कपाळाला लावून जमिनीवर फोडलं आणि वुलानने बायूचे पाय फुलांच्या पाण्याने धुतले. हे मात्र तुला आवडलं नसतं आणि मलाही आवडलं नाही. मी रात्री तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "त्याने पुढे आयुष्यभर भांडी घासायची कबूल केलंय." मग दोघं करंगळीत करंगळी अडकवून बैठकीकडे गेली. बायूने तिच्या ओटीतल्या कापडात तांदूळ, कडधान्य आणि नाणी ओतली. एक दाणाही खाली सांडायचा नाही. तिने ते कापड चारी टोकं गोळा करून असं काही धरलं होतं की काय सांगू.

नवऱ्या मुलाचे आईवडील या सगळ्याला हजर नसतात, हे ऐकून मला तुझ्या ताईच्या लग्नातल्या काकू आठवल्या, मंगलाष्टकांच्या वेळी आत गौरीहरापाशी बसलेल्या. तिथे व्याही-विहीण नंतर येतात आणि मुलीचे आईबाबा उठून त्यांना सामोरे जातात.

आणि मग सुंकेमान. हेच सांगण्यासाठी इतकं लिहिलं. चारही आईवडील ओळीने खुर्च्यांवर बसतात. बायूच्या पाठीशी कमरेला खोचलेला क्रिस, म्हणजे खंजीर, आधी काढून घेतात. आईबापांपुढे शस्त्र घेऊन वाकायचं नाही. मग दोघं गुडघ्यांवर बसून एकेकाच्या मांडीवर, जोडलेल्या हातांवर कपाळ टेकवतात. आपला नमस्कार कसा पटकन होतो, वाकलं की उठलं. इथे घाई नाही. वुलान बाबांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून कितीतरी वेळ होती. ते तिच्या कानाशी काहीतरी बोलत होते, जेवढं तिलाच ऐकू जाईल तेवढं. त्यांचा हात तिच्या पाठीवर फिरत होता, मोगऱ्याच्या माळेला धक्का लागू नये म्हणून अंतर राखून. ज्या माणसाला मी एवढ्या दिवसांत चार वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं, तो माणूस बोलत होता. मी रडले, माझ्या शेजारच्या फणसवाल्या आजीही रडल्या.

आईबाबा दोघांच्या अंगावर एकाच नक्षीचं बाटिक होतं, काळसर कापडावर बारीक चांदण्या. त्याला त्रुंतुम म्हणतात आणि लग्नात ते आईवडिलांनी नेसायचं असतं. सोलोचे राजे पाकुबुवोनो तिसरे यांच्या राणीने ते पहिल्यांदा काढलं असं सांगतात. राजाचं मन उडालं होतं, ती एकटी रात्री आकाशाकडे बघत मेणाने चांदण्या काढत बसायची, राजा ते बघायला येऊ लागला आणि प्रेम पुन्हा उमललं. लेकरांना आईबापांनी तेच द्यायचं, म्हणून त्रुंतुम.

आता तुझ्याबद्दल. तू कन्यादान करू नकोस. तू वस्तू नाहीस, आणि काकांनाही तसं वाटत नाही. पण काका गप्प आहेत ते विधी हवे म्हणून नाहीत, असं मला वाटतं. सभागृह, जेवण, सजावट, सगळ्याचं कंत्राट दिलंय, रजिस्ट्रारच्या कचेरीत तुम्ही दोघं सही करणार, मग त्यांनी करायचं काय? हाताला काम हवंय त्यांना. वुलानच्या बाबांना झाप बांधायचं होतं, पाणी घालायचं होतं, तिला उचलायचं होतं. एकेक काम करत ते माणूस लेकीला निरोप द्यायला तयार झाले, हे मी डोळ्यांनी पाहिलं. दाराला आंब्याचा टाळा काकांनाच बांधू दे. हळद काकूंच्या आधी त्यांना लावू दे. सही करायच्या आधी दहा मिनिटं फक्त तू आणि ते दोघं बसा, बाकी कुणी नको. मंत्र लागत नाहीत याला, आणि गुरुजीही लागत नाहीत. दादाने कान पिळायचा तर पिळू दे, तो तर कधीपासून वाट बघतोय.

वुलानच्या आईने काका-काकूंसाठी त्रुंतुमची जोडी दिली आहे, तुझ्या लग्नात वापरायला. काकांना धोतरासारखं नको असेल तर उपरणं म्हणून घेता येईल, काकूंचं मी पदराला जोडून देईन. पुढच्या शनिवारी घेऊन येते, तेव्हा काकांशी मीही बोलते. तारीख ठरली की आधी वुलानला कळव. बायूला सुट्टीचा अर्ज बराच आधी टाकावा लागतो, आणि आईबाबाही येणार म्हणतायत, तेव्हा त्यांची सोय तुमच्या वरच्या खोलीत न करता खालीच कर, बाबांना जिना नको.

तुझी,
सई