पाऊस पडला तरी शो झालाच

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या पेपरात हल्ली कॉन्सर्टची बातमी म्हणजे नुसते तिकिटाचे दर आणि ट्रॅफिक, म्हणून हे लिहितेय. मी अमेरिकेत डेन्व्हरला राहते, इथून जवळच रेड रॉक्स हे खुलं थिएटर आहे, दोन्ही बाजूंना उंचच उंच लाल खडक आणि मधे साडेनऊ हजार माणसं बसतील अशा उघड्या पायऱ्या. ५ जून १९८३ ला आयरिश बँड यूटू टूरवर इथं आला आणि नेमका पाऊस, थंडी, धुकं. शोची फिल्म काढायची होती, त्या शूटिंगमध्ये बँडचे स्वतःचे पैसे अडकलेले, पण मागं हटले नाहीत, ओल्या स्टेजवर वाजवलंच! शिवाय ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी जवळच्या बोल्डर शहरात हॉलमध्ये वेगळा शो केला, हे मला फार मोठं वाटतं. खडकांवरच्या मशाली, गायक बोनोच्या हातातला पांढरा झेंडा, व्हिडिओ बघताना अजून अंगावर काटा येतो.

आणि गेल्या वर्षी पुण्यात पावसानं शो रद्द झाला तर माझ्या भावाला साधा मेसेजसुद्धा नाही, रिफंडसाठी दोन महिने फोन करत होता बिचारा. आयोजकांनी तिकिटावरच छापावं ना, पाऊस आला तर काय करणार ते.

– एक वाचक, डेन्व्हर