आईला चालता येतं, पण संडास सापडत नाही

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

विषय : डिमेन्शिया झालेल्या व्यक्तींच्या घरातील बदलांना अपंगत्व साहाय्यात स्थान मिळणेबाबत.

घरात बदल करायला मदत मिळावी म्हणून आम्ही अर्ज केला होता. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी आईला दारापासून खिडकीपर्यंत चालायला सांगितलं. ती चालली. मग खुर्चीवरून उठायला सांगितलं. हाताचा आधार न घेता उठली. परक्या माणसासमोर ती अजूनही अगदी नीट वागते, हसून बोलते, 'या हं पुन्हा' असंही म्हणते. अर्जावर शेरा पडला : 'अर्जदार स्वतंत्रपणे चालू शकतात. घरात बदलांची आवश्यकता नाही.'

त्याच संध्याकाळी आई संडासाच्या उघड्या दारात उभी होती आणि मला विचारत होती, "संडास कुठाय गं?"

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि तिला काय दिसत असेल ते बघायचा प्रयत्न केला. एवढ्या महिन्यांत हे मला एकदाही सुचलं नव्हतं. पांढरी फरशी, पांढऱ्या टाइल्स, पांढरा कमोड, त्यावर पांढरं झाकण आणि वर एक मिणमिणता दिवा. सगळं एकमेकांत मिसळून गेलेलं. कोपऱ्यात मात्र एक निळी बादली, ठसठशीत दिसणारी. गेले कित्येक दिवस आई त्या बादलीत लघवी करत होती आणि आम्ही धरून चाललो होतो की तिला आता कसलंच भान उरलेलं नाही. मी तिला रागावलेही होते. तिला भान होतं, साहेब. जे भांडं तिला दिसत होतं, तिथे ती जात होती.

दुसऱ्या दिवशी बादली उचलली, कमोडला गडद निळी सीट बसवली, झाकण काढून टाकलं आणि दिवा बदलला. रोज दोन-तीन वेळा कपडे बदलावे लागायचे, ते आठवड्यातून एखाद्या वेळेवर आलं. औषध तेच होतं. आजारही तोच होता.

डिमेन्शिया म्हणजे विसराळूपणा, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं, आणि आपल्या खात्याच्या अर्जाचा नमुनाही तेवढंच धरून चालतो. पण या आजारात डोळ्यांनी पाहिलेल्याचा अर्थ लावण्याची मेंदूची ताकदही ढासळते. खोल-उथळ कळत नाही, कडा कळत नाहीत, सारख्या रंगाच्या वस्तू वेगळ्या ओळखू येत नाहीत. त्यात वय. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. आपल्याला लख्ख वाटणारी खोली अशा माणसाला संधिप्रकाशातली असते.

दारातलं काळं पायपुसणं आईला खड्डा वाटायचं. ती त्याच्यापाशी थबकायची, चौकट घट्ट धरायची आणि मग लांब ढांग टाकून पलीकडे जायची. तशीच ती एकदा पडली. चकचकीत फरशी तिला ओली वाटते, म्हणून ती भिंतीला धरून कडेकडेने चालते. बेसिनवरच्या आरशातली बाई तिला अनोळखी वाटायची. कुणीतरी आत आहे म्हणून ती संकोचून बाहेर यायची, बाहेर ताटकळत उभी राहायची आणि शेवटी कपडे ओले व्हायचे. रात्री खिडकीच्या काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसलं की घाबरून मला हाका मारायची. आरसा झाकला, दिवेलागणीला पडदे ओढायला लागलो, पायपुसणं फरशीच्याच रंगाचं आणलं. यातल्या कशालाच गवंडी लागला नाही. लागलं ते सांगणारं माणूस, आणि ते आम्हाला दोन वर्षं भेटलं नाही.

ताटवाट्यांच्या रंगाचा प्रश्न तर मला आधी कुणी सांगितला असता तर खोटाच वाटला असता. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अल्झायमर (डिमेन्शियाचाच एक प्रकार) खूप पुढे गेलेल्या नऊ रुग्णांना पांढऱ्याऐवजी भडक लाल भांड्यांतून जेवण दिलं. खाणं 25 टक्क्यांनी वाढलं आणि पिणं 84 टक्क्यांनी. नऊच माणसं, हे मान्य. पण भरवताना रोज जीव मेटाकुटीला येणाऱ्या घराला ही गोष्ट निदानाच्या दिवशी कळायला नको का?

इथे मला माझी एक चूक सांगायला हवी, कारण या पत्रातल्या मागणीचं मूळ तिच्यातच आहे. संडासाचा अनुभव आल्यावर मी झपाटल्यासारखी कामाला लागले. एका रविवारी आईची खोली रिकामी केली. अडगळ काढली, पलंग हलवला, जुनी खुर्ची बाहेर नेली, भिंतीवरचे फोटो उतरवले. खोली सुरक्षित झाली, मोकळी झाली. आईने दारातून आत पाहिलं, पिशवीत दोन साड्या भरल्या आणि म्हणाली, "मला घरी सोड." पुढचे नऊ दिवस ती संध्याकाळी पिशवी घेऊन दारापाशी बसत होती. ज्या खुणांच्या आधाराने ती त्या खोलीत वावरत होती, त्या मीच पुसून टाकल्या होत्या. खुर्ची परत आली, पलंग जागेवर गेला, तेव्हा कुठे पिशवी सुटली.

म्हणजे काय काढायचं, काय अजिबात हलवायचं नाही आणि कोणत्या क्रमाने, हे माहितीपत्रक वाचून कळत नाही. ते त्या घरात येऊन, त्या माणसाबरोबर तासभर बसून बघावं लागतं. हे काम करणारे लोक असतात, त्यांना ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणतात. नेदरलँड्समध्ये 135 रुग्णांवर झालेली चाचणी 2006 साली प्रसिद्ध झाली. पाच आठवड्यांत घरी जाऊन दहा भेटी, रुग्णाबरोबर आणि सांभाळणाऱ्याबरोबरही. रुग्णांची रोजची कामं सुधारली आणि सांभाळणाऱ्यांना आपल्याला हे जमतंय असं वाटू लागलं. तीन महिन्यांनंतरही तो फरक टिकून होता. दहा भेटी, मंत्रिमहोदय.

यात वेळेचाही मोठा प्रश्न आहे. आजाराच्या सुरुवातीला माणूस नवी गोष्ट अजून अंगवळणी पाडू शकतो. भिंतीला लावलेला गडद रंगाचा कठडा रोज धरत गेला तर हात तिकडे आपोआप जातो. दोन वर्षांनी तोच कठडा लावला तर ती भिंतीतून बाहेर आलेली एक अनोळखी वस्तू ठरते. आमच्याकडे अर्जावर निर्णय यायलाच अकरा महिने गेले. डिमेन्शियात अकरा महिने म्हणजे काय, हे ज्याने घरात पाहिलंय त्याला विचारा.

सुरक्षिततेच्या कामांना मात्र पैसा आणि कुशल हात दोन्ही लागतात. न्हाणीघराचं दार आत उघडणारं असेल आणि माणूस त्या दाराशीच पडला, तर दार ढकलून आत जाता येत नाही. ते बाहेर उघडणारं किंवा सरकतं करावं लागतं, कडी बाहेरूनही उघडेल अशी हवी. पाणी पोळेल इतकं तापू नये म्हणून गीझरचं तापमान बांधून द्यावं लागतं. शेगडी चालू राहिली तर गॅस आपोआप बंद व्हावा लागतो. पलंगाखाली पाय टेकताच लागणारा आणि थेट संडासापर्यंत वाट दाखवणारा मंद दिवा हवा. या सोयी नाहीत म्हणून घरोघरी काय होतं? बाहेरून कुलूप लागतं. माणूस खोलीत कोंडला जातो, आणि कोंडणारे दुष्ट नसतात, थकलेले असतात.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांची तर आणखी पंचाईत. घरमालक खिळा ठोकू देत नाही तिथे कठडा कोण लावू देणार? त्यासाठी कायद्यात तरतूद लागेल.

मी नवीन काही मागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात पहिल्याच कलमात शारीरिक व्यंगाबरोबर दीर्घकालीन मानसिक आणि बौद्धिक व्यंगही नोंदलेलं आहे. चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधणं जसं हक्काचं, तशीच आईच्या संडासाची निळी सीट. जागतिक आरोग्य परिषदेने 2017 मध्ये डिमेन्शियासाठी कृती आराखडा मंजूर केला. 2025 पर्यंत किमान 75 टक्के देशांचं या आजाराबाबत स्वतःचं धोरण असावं, असं त्यात ठरलं होतं. 2021 मध्ये जगात 5 कोटी 70 लाख लोकांना हा आजार होता आणि दरवर्षी जवळजवळ एक कोटींची भर पडते. जपानने 2000 साली सुरू केलेल्या दीर्घकालीन शुश्रूषा विम्यात कठडे बसवणं, उंबरे सपाट करणं, दारं बदलणं हे खर्च धरलेले आहेत. करता येतं, हे तिथे दिसलेलं आहे.

म्हणून माझी विनंती नेमकी सांगते. निदान झालं की औषधाच्या चिठ्ठीबरोबरच घरभेटीची चिठ्ठी मिळावी आणि ती भेट पहिल्या दोन महिन्यांत व्हावी. त्या भेटीत सुचवलेली किरकोळ कामं, म्हणजे दिवे, रंग, सीट, कठडे, वेगळा अर्ज न करता व्हावीत. मोठ्या कामांच्या अर्जातून चालता येतं की नाही या एकाच प्रश्नावरची मदार काढावी. आपलं घर, आपला संडास, आपला पलंग सापडतो का, रात्री एकट्याने उठता येतं का, हे विचारावं. आणि हे ज्याच्यासाठी आहे त्या माणसालाही विचारावं. आईला कठडा कुठे हवा हे तिने शब्दांत सांगितलं नाही, पण न्हाणीघरात शिरताना तिचा हात भिंतीवर कुठे टेकतो ते आम्ही आठवडाभर पाहिलं. तिथे टाइलवर एक पुसट डाग पडलेला होता. कठडा बरोबर तिथेच लावला.

आमचा अर्ज मी पुन्हा पाठवला आहे. पाहणीसाठी कुणाला पाठवणार असाल तर कृपया सकाळी पाठवू नका. सकाळी आई बरी असते. दिवेलागणीनंतर पाठवा आणि तिला चालून दाखवायला सांगू नका. तिच्याकडे पाणी मागा, आणि पेला शोधायला ती कोणकोणती कपाटं उघडते ते पाहा.

कळावे,
आपली,
आईला घरीच सांभाळणारी एक मुलगी