नाजूक त्वचेच्या मुलांचे दात कोणी पाहायचे?

महोदय,

माझी मुलगी ११ वर्षांची आहे. तिला 'एपिडर्मोलिसिस बुलोसा' हा आनुवंशिक त्वचाविकार जन्मापासून आहे. डॉक्टर आणि आम्ही पालक त्याला थोडक्यात ईबी म्हणतो. त्वचेचा वरचा थर खालच्या थराला घट्ट बांधून ठेवणारे कोलॅजेन तिच्या शरीरात नीट तयार होत नाही, त्यामुळे कपड्याची शिवण घासली किंवा कोणी मायेने दंडाला धरून ओढले, तरी फोड येतो आणि साल निघून जाते. हा विकार स्पर्शाने पसरत नाही, हे गावात आणि शाळेत समजावून सांगण्यात आमची काही वर्षे गेली. या पत्राचा विषय मात्र तिचे दात हा आहे, कारण ज्या दुखण्याकडे सर्वांनी, सुरुवातीला आम्हीही, दुय्यम म्हणून पाहिले, त्यानेच तिचे सर्वाधिक हाल केले.

तोंडाच्या आतले अस्तरही त्वचेइतकेच नाजूक असते. तिथे फोड येतात, फुटतात, बरे होताना व्रण राहतात आणि त्या व्रणांमुळे जीभ हळूहळू खाली जखडते, गाल व हिरड्यांमधली खोबण बुजते, तोंड उघडेनासे होते. मागच्या पावसाळ्यात तिची दाढ ठणकू लागली. तालुक्याच्या गावी दोन दंतवैद्यांनी तिचे हात पाहूनच नकार दिला. तिसऱ्यांनी आपुलकीने तपासायला घेतले, पण लाळ ओढून घेणारी नळी गालाला आतून चिकटली आणि ती काढताना अस्तर सोलून आले. पुढचे चार दिवस ती चमच्याने पातळ पेजेवर होती. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. अशा मुलाला कसे हाताळायचे, हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते.

आणि ते शिकणे अवघड नाही, हे मला पुढे मुंबईतील एका दंत महाविद्यालयात कळले. तिथल्या डॉक्टरांनी आधी तिच्या ओठांना भरपूर व्हॅसलिन लावले, दात तपासायच्या आरशालाही लावले. नळी गालावर न टेकवता दातावर किंवा ओल्या कापसावर टेकवली. डोके कोणी धरले नाही, खुर्चीत तिला तिचे तिलाच बसू दिले. सरळ दाब ही त्वचा बऱ्यापैकी सोसते, घासणे आणि ओढणे सोसत नाही, एवढी एक गोष्ट त्यांनी प्रत्येक हालचालीत लक्षात ठेवली. भुलेचे इंजेक्शन खोलवर आणि अगदी सावकाश दिले, कारण औषध वरच्यावर आणि घाईने सोडले तर त्या द्रवानेच फोड उठतो. शेवटी त्यांनी सगळे तोंड पुन्हा पाहिले आणि आलेला एक फोड निर्जंतुक सुईने फोडून रिकामा केला, म्हणजे तो पसरत नाही. यात कोणतेही महागडे यंत्र नव्हते. 'डेब्रा इंटरनॅशनल' या संस्थेने ईबी रुग्णांच्या मौखिक आरोग्याविषयी २०१२ मध्ये मार्गदर्शिका काढली, २०२० मध्ये ती सुधारली, आणि हे सारे त्या धर्तीवरच होते.

ईबीच्या एका प्रकारात दातांवरचे कवच मुळातच सदोष असते. माझ्या मुलीच्या प्रकारात तसे नसते. दात चांगलेच येतात आणि नंतर किडतात. जखमा भरून येण्यासाठी या मुलांना जास्त उष्मांकाचा, मऊ आहार दिवसातून अनेकदा द्यावा लागतो. आमच्याकडे तो म्हणजे तूप घातलेला मऊभात, गूळ घातलेली नाचणीची आंबील, शिकरण. जखडलेली जीभ दातांवरचे कण काढू शकत नाही, ब्रश दुखतो म्हणून टाळला जातो, त्यात लोहाची आणि इतर गोड औषधे. मग कीड लागायला वेळ लागत नाही. दात दुखला की मूल खात नाही, खाल्ले नाही की जखमा भरत नाहीत. वजन वाढवा, असे आम्हाला प्रत्येक तपासणीत सांगितले गेले, दात पाहून घ्या असे मात्र कित्येक वर्षे कोणी म्हटले नाही.

'किडलेत ना, मग काढून टाका' हा सल्ला आम्ही अनेकदा ऐकला. काही वेळा दात काढावाच लागतो, हे मान्य. पण ज्या हिरडीला ब्रशने जरा जोरात घासलेले सोसत नाही, तिला कवळी कशी सोसणार? म्हणून या मुलांचा प्रत्येक दात वाचवणे इतरांपेक्षा अधिक मोलाचे आहे. पहिला दात दिसताच दंतवैद्याकडे जायला हवे, कारण तोंड पुरेसे उघडते तो काळ पुढे हातून निसटतो. लहान डोक्याचा मऊ ब्रश, प्रत्येक खाण्यानंतर साध्या पाण्याची चूळ, ठरावीक काळाने दातांवर फ्लोराइडचा लेप आणि तोंड उघडण्याचा रोजचा व्यायाम एवढ्याने पुष्कळ टळते. घरातील वडीलधाऱ्यांनाही माझी विनंती आहे की, अशा मुलाच्या दातांना राखुंडी किंवा मशेरी कदापि लावू नये. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि या विकारात जखमांच्या जागी कर्करोग होण्याची भीती आधीच मोठी असते.

लहान मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये कोकणातल्याच पालघरमधून सुरू झाला. जन्मजात व्यंगे आणि दंतविकार दोन्ही त्यात येतात. पथक शाळेत येते, कार्डावर 'दंतक्षय' लिहिते आणि पुढे पाठवते, पण पुढे अशा मुलाला हात लावण्याचा धीर असलेला कोणी आम्हाला भेटला नाही. रात्रभर रेल्वेने मुंबई गाठायची किंवा गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जायचे, तर प्रवासात बाकाला घासून नव्या जखमा होतात.

आता सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि अलिबाग येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, खेडला दंत महाविद्यालय आहे. माझी सार्वजनिक आरोग्य विभागाला विनंती आहे की, कोकणातील प्रत्येक जिल्हा रुग्णालयात निदान एका दंतवैद्याला आणि एका परिचारिकेला या मुलांच्या हाताळणीचे प्रशिक्षण द्यावे आणि वर लिहिलेल्या खबरदारीचे एक पानी मराठी पत्रक ग्रामीण रुग्णालयांत व खासगी दंतवैद्यांकडे पाठवावे. पूर्ण भूल देऊन करायचे उपचार मोठ्या रुग्णालयातच व्हावेत, कारण आखडलेल्या तोंडातून श्वासनलिकेत नळी घालणे अवघड असते. परंतु तपासणी, सफाई, फ्लोराइड आणि लहानसहान कीड भरणे जिल्ह्यातच व्हायला हवे. दरवर्षी २५ ते ३१ ऑक्टोबर हा ईबी जनजागृती सप्ताह असतो. येत्या सप्ताहात या प्रशिक्षणाचा पहिला वर्ग भरवावा. माझ्या मुलीला घेऊन मी तिथे यायला तयार आहे, आणि तिलाही विचारले आहे. तिची हरकत नाही.

– एक आई, देवगड तालुका, जि. सिंधुदुर्ग