अंबाबाईच्या किरणांची वाट कोण अडवतंय?

माननीय मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मावळतीची किरणं थेट गाभाऱ्यातल्या देवीपर्यंत पोहोचतात, तो किरणोत्सव. या नोव्हेंबरच्या किरणोत्सवात कोल्हापूरच्या अंबाबाईसमोर मी म्हाताऱ्या आईला घेऊन उभा होतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत आली, गरुड मंडप ओलांडून पितळी उंबऱ्यावर आली, देवीच्या चरणांना लागली आणि तिथेच विरली. ‘मुखावर पडल्याशिवाय हात सोडणार नाही,’ असं आई म्हणाली होती. आरती सुरू झाली तरी तिचे हात जोडलेलेच. गुडघे धरून ती तासभर रांगेत होती. पासवाले मात्र शेजारून पुढे जात होते. आमच्या वाट्याला फक्त ढकलाढकली.

किरणांच्या वाटेतले अडथळे पुढच्या किरणोत्सवाआधी निघतील, असं मागच्या वर्षी आम्हाला सांगितलं गेलं होतं. निघाले का? पाहणी झाली, फोटो निघाले, फाइल ‘वर’ गेली. ही ‘वर’ नावाची जागा नेमकी कुठे आहे, हे कृपया सांगाल का?

मंदिर पश्चिमाभिमुख आहे. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि पुढे ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवशी सूर्य ठरल्या जागी मावळतो. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कंबर, तिसऱ्या दिवशी मुख. काळ्या पाषाणात हा हिशेब बसवणाऱ्यांकडे ना संगणक होता, ना सल्लागार कंपनी. ढग आले, हवेत बाष्प वाढलं, तर तक्रार नाही, ते देवाच्या हातात. पण महाद्वार रोडच्या बाजूला चढलेले मजले, टाक्या, फलक हे काय आभाळातून पडले? एकेका मजल्याला कुणाची तरी सही लागली असेल. आणि सही नसेल, तर कारवाई का झाली नाही?

मोगली आक्रमणाच्या धामधुमीत लपवून ठेवलेली मूर्ती १७१५ च्या विजयादशमीला पुन्हा सिंहासनावर बसवली गेली. तेव्हाच्या लोकांनी जीव धोक्यात घालून देवी राखली. आमच्या काळात मंदिराच्या आवारातलं मणिकर्णिका कुंड बुजवून वर शौचालय बांधलं गेलं! लोक ओरडले तेव्हा कुठे ते पाडून कुंड उकरलं. कुंड बुजवणाऱ्या किती जणांना शिक्षा झाली? एकालाही झाल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

मे २०२५ मध्ये चौंडीच्या मंत्रिमंडळ बैठकीत मंदिराच्या विकासाचा १४४५ कोटींचा आराखडा मंजूर झालाय. एवढ्या पैशात चार टाक्या हलणार नाहीत? दर्शनमंडप, वाहनतळ सगळं करा. पण आराखडा म्हटलं की तुमच्या यंत्रणेला आधी सिमेंटच दिसतं. पूजा, परंपरा भाषणापुरती. निवडणुकीआधी सगळे ओटी भरायला येतात, नंतर अर्ज घेऊन गेलं की शिपाईसुद्धा वर बघत नाही. रस्ता असो, दवाखाना असो, देऊळ असो, आम्ही सगळीकडे रांगेतच.

किरणांच्या मार्गातल्या प्रत्येक अडथळ्याची यादी, परवानगीच्या तारखेसह आणि सही करणाऱ्याच्या नावासह, ३१ जानेवारीच्या आत महाद्वारावर लावा. जे बेकायदा आहे ते पाडा. जे कायदेशीर आहे त्यांना रीतसर मोबदला द्या. पुन्हा समिती नेमू नका.

कोल्हापूरचा एक भाविक